गिऱ्हाईक पुसलं आणि कट्ट्याचा गोठा झाला

पंचगंगेकाठी

मंडळी, एका फोटोवरून आठवडाभर डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

कोल्हापुरातल्या गंगावेशीतला दूध कट्टा बाहेरच्यांना माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळ ग्लास तिथल्या तिथं हातात. धारोष्ण. तालमीतनं आलेली पोरं एका दमात दोन-दोन ग्लास रिचवतात. पाणी घातलंय का हे विचारायची सोयच नाही.

तर मी सकाळी तिथं होतो. तिरपं ऊन म्हशीच्या पाठीवर पडलेलं, गवळीमामा उकिडवे बसलेले, गुडघ्यांत कासंडी, आणि धारेची रेघ उन्हात चकाकत होती. चार फोटो काढले. घरी येऊन बघतो तर मामांच्या डोक्यामागं एक जण उभा. इस्त्रीचा शर्ट, कोपरात अडकवलेलं हेल्मेट, मान खाली घालून मोबाईलमध्ये. शेजारी निळं प्लॅस्टिकचं पिंप, वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि डाव्या कडेला केएमटी बसचं बूड. फोनमधलं पुसायचं हत्यार काढलं. बोटानं गोल करायचा की गेलं. पाच मिनिटांत मामा, म्हैस, भिंत आणि ऊन एवढंच उरलं.

टाकला, तर लोकांनी डोक्यावर घेतला. ‘जुनं कोल्हापूर’, ‘कसलं निवांत’, एकानं तर ‘गावाकडची पहाट’ लिहिलं. मीही खूश.

परवा मोठी प्रिंट काढून मामांना द्यायला गेलो. त्यांनी हात पुसले, प्रिंट लांब धरून बघितली, मग जवळ धरून बघितली. म्हणाले, “ह्यात गिऱ्हाईक कुठं हाय?”

म्हटलं काढून टाकलं, फोटो मोकळा दिसावा म्हणून.

“मग मी धार कुणासाठी काढतोय? ह्यो गोठ्यातला फोटो झाला बाळा. कट्टा न्हवं ह्यो.”

प्रिंट ठेवून घेतली त्यांनी, माणूस चांगला आहे. पण मी तिथनं निघालो तो हेच घोळवत. मी फक्त पसारा आवरला असं मला वाटत होतं. तुमचा काय अनुभव?

शिवाजीपेठी

मामांनी एका वाक्यात निकाल लावलाय, आता धागा कशाला वाढवायचा? बाकी त्या फ्लेक्सवर वाढदिवस कुणाचा होता?

पंचगंगेकाठी

पुसल्यावर विचारतोयस होय!

पिक्सेलपाटील

तुझा फोटो मोठा करून बघितला. भावा, गिऱ्हाईक गेलं पण त्याची सावली तिथंच राहिलीय. मामा बसलेत, त्यांची सावली आखूड आहे. त्यांच्या पायाजवळनं ओल्या फरशीवर जी लांबलचक काळी पट्टी गेलीय ती उभ्या माणसाची आहे, आणि उभा माणूस तर फोटोत कुठंच नाही. पिंप होतं तिथं बघ, भिंतीचा एकच पोपडा तीन वेळा उमटलाय. सारखा सारखा.

‘पुसणं’ हा शब्दच फसवा आहे. पाटीवरचं अक्षर पुसलं की खाली पाटी असते. फोटोत माणसाच्या खाली काही नसतं. कॅमेऱ्यानं ते कधी पाहिलेलंच नाही. पूर्वी फोटोशॉपमध्ये क्लोन स्टॅम्पनं शेजारचा तुकडा उचलून हातानं चिकटवायचो, तासन् तास जायचे. २०१० मध्ये कंटेंट-अवेअर फिल आलं, ते शेजारपाजारचे ठिपके आपणच उसने आणायला लागलं. २०२१ ला गूगलनं पिक्सेल ६ बरोबर मॅजिक इरेझर दिलं आणि हे काम बोटावर आलं. २०२३ पासून जनरेटिव्ह फिल. आताची ही हत्यारं ढीगभर फोटोंवरून शिकलेली असतात आणि ‘अशा जागी साधारण काय असतं’ ते रंगवून देतात.

म्हणजे तू गिऱ्हाईक पुसलं नाहीस. त्याच्या अंगावर भिंत रंगवलीस. तिथं खरंच भिंत आहे का?

पंचगंगेकाठी

आयला.

नाही. तिथं बोळ आहे. मी स्वतः त्याच बोळातनं आत आलो होतो. तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. फोटो इतक्यांदा बघितला की मला तिथं भिंतच आठवायला लागली होती.

उगाच_प्रश्न

सगळ्यांचं चाललंय म्हणून एक खडा टाकतो. हेच जर यांनी दोन पावलं डावीकडं सरकून फोटो काढला असता, तर हेल्मेटवाला म्हशीच्या आड गेला असता. पिंपही दिसलं नसतं. मग हा धागा निघाला असता का? नसता. उलट तुम्हीच ‘काय फ्रेम पकडलीय’ म्हणाला असता. काय घ्यायचं आणि काय गाळायचं, हे तर फोटो काढणाऱ्याचं कामच आहे. आधी गाळलं तर कला आणि नंतर गाळलं तर लबाडी, हा कुठला न्याय?

आपले चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठावर बसून निसर्गचित्रं करायचे. समोरची किती माणसं, किती म्हशी, किती वाळत घातलेली धुणी त्यांनी गाळली असतील? कुणी हिशेब मागितला नाही. आणि आपण स्वतःला कलापूरकर म्हणवतो.

शिवाजीपेठी

चित्रकाराकडं कुणी पुरावा मागायला जात नाही. फोटोकडं जातात. एवढाच फरक आहे, पण हा एवढाच लई मोठा आहे.

ओपेक

मुलानं फोनवर हा धागा दाखवला. नातवाकडून नाव नोंदवून घेतलं. वय पंचाहत्तर, त्यातली चाळीस वर्षं फोटो स्टुडिओत टचिंग केलं. ओपेक म्हणजे लालसर तपकिरी रंगाचं घट्ट औषध, डबीत यायचं. ते बारीक ब्रशनं निगेटिव्हवर लावलं की तेवढा भाग प्रकाश अडवतो आणि प्रिंटवर पांढराशुभ्र येतो. मागचं कपाट, खिडकी, कॅलेंडर, सगळं त्या डबीत बुडालेलं आहे. चेहऱ्याची सुरकुती निगेटिव्हवर फिकी असते, तिथं पेन्सिल चालवायची. काचपेपरवर घासून टोक सुईसारखं करायचं आणि टिंब टिंब भरत जायचं. रेघ ओढली की पकडला गेलात.

तेव्हा हे नवं आहे असं कुणी समजू नये. बोटावर आलं एवढंच नवं.

आमचं खरं काम निघायचं ते माणूस गेल्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचं कुणीतरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचं. “ह्यातलं आमचं वडील तेवढं काढून द्या.” दहाव्याच्या आत फ्रेम पाहिजे. त्या काळात माणसाचा एकट्याचा फोटो असायचाच असं नाही. आणि ग्रुपमध्ये हमखास कुणाचा तरी हात त्यांच्या खांद्यावर. तो हात घालवणं सगळ्यात अवघड. वर पाटील म्हणाले ते बरोबर आहे, बोटांखालचा कोट आम्ही कधी बघितलेला नसायचा. दुसऱ्या खांद्यावर बघून हा खांदा करायचा. कधी सदरा असायचा, घरच्यांना कोट पाहिजे असायचा, मग कोटही आम्हीच शिवायचो. या शहरात हार घातलेल्या बऱ्याच फोटोंत एक खांदा माझ्या हातचा आहे.

ती फसवणूक होती असं मला वाटत नाही. घरच्यांना माहीत असायचं, आम्हाला माहीत असायचं, आणि बघणाऱ्याला त्या फोटोकडून दुसरं काही नको असायचं. नमस्कार करायला चेहरा पाहिजे, बास. मात्र तोच फोटो पन्नास वर्षांनी कुणी ‘आजोबा कोट घालायचे’ म्हणून दाखवायला लागलं तर पंचाईत आहे. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता.

वाड्यातली

ओपेककाका, तुमची पोस्ट वाचून ट्रंक उघडली!

आमच्या माजघरात खापरपणजोबांचा फोटो आहे. खुर्चीत बसलेले, मागं खांब आणि महिरपीचा रंगवलेला पडदा, एकदम दरबारी थाट. लहानपणी मला वाटायचं आपलं घराणं राजवाड्यात राहायचं. ट्रंकेत त्याच फोटोची न कापलेली जुनी प्रिंट सापडली, बहुतेक काचेवरून थेट काढलेली. तिच्यात पडद्याची कड संपते आणि बाजूला आमच्याच वाड्याची सारवलेली भिंत दिसते, भिंतीला टेकवलेलं सूप, आणि उजव्या कडेला पडद्याची काठी धरलेली चार बोटं. मनगटात एकच बांगडी. फोटोग्राफर घरी आला असणार, पडदा अंगणात लावला असणार आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून घरातल्या कुणाला तरी धरायला उभं केलं असणार. कोण ते सांगणारं आता कुणी नाही. कामाला असलेल्या बाई असतील, किंवा घरातलीच कुणी सून.

फ्रेम करताना बरोबर तिथंच कापलाय. चार बोटं पुठ्ठ्याखाली गेली.

मला यावरून डोरोथिया लँगचा १९३६ चा तो प्रसिद्ध फोटो आठवला, ‘मायग्रंट मदर’. कॅलिफोर्नियात निपोमोला, तंबूत बसलेली मजूर आई आणि तिला बिलगलेली पोरं. मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा आहे, धूसर. लँगबाईंना तो खटकायचा, म्हणून पुढं त्यांनी तो निगेटिव्हवरच रिटच करून घेतला. ज्या सरकारी खात्यासाठी फोटो काढला होता तिथल्या फोटो विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यावरून नाराज झाले होते. एका अंगठ्यावरून! पूर्वी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता ही चार बोटं बघितल्यावर येत नाही.

ओपेक

ताई, ती बोटं आमच्याकडं आली असती तर आम्हीही घालवली असती. न विचारता. ऑर्डरमध्ये ते धरलेलंच असायचं.

मुक्काम_पुणे

वाड्यातली, ती प्रिंट स्कॅन करून ठेवा, उन्हाळ्यात ट्रंकेतली बुरशी वाढते. मी दर सुट्टीत कोल्हापूरला आलो की भवानी मंडपाचा फ्लेक्स नसलेला फोटो काढायचा प्रयत्न करतो. अजून जमलेला नाही. शेवटी पुसून टाकतो. आमच्या पुण्यातल्या हापिसात तो लावलाय, सगळे विचारतात, ‘एवढं स्वच्छ आहे तुमचं गाव?’ मी मान हलवतो. झालं.

शिवाजीपेठी

म्हणजे तू दुसऱ्या गावात आमची खोटी अब्रू वाढवतोयस. चालू दे.

खबऱ्या

मी बातमीदारीतला, कॅमेराही चालवतो. आमच्याकडं नियम साधा आहे: उजेड-अंधार थोडा कमी-जास्त करा, कडेनं कापा, पण आतलं हलवू नका. नियम मोडला तर पोट जातं. २०१४ च्या सुरुवातीला एपी वृत्तसंस्थेनं नार्सिसो काँत्रेरास या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. सीरियातल्या बंडखोर सैनिकाचा फोटो होता, खालच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पडलेला दिसत होता, तो त्यानं घालवला. बरं, हा साधा माणूस नव्हता, आदल्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या चमूत होता. तो कॅमेरा राहिला असता तर बातमीत काय फरक पडला असता? बंडखोर तसाच, बंदूक तशीच. फक्त एवढं कळलं असतं की तिथं आणखी एक जण चित्रण करत होता. पण तेवढंही बघणाऱ्याला कळायला पाहिजे, असं एपीचं म्हणणं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, ती बातमीतली नाही.

२०१९ चा ऑगस्ट, पंचगंगेचा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट, आणि पाणी ५५ च्याही वर गेलेलं. मेव्हण्याचं दुकान शाहूपुरीच्या बाजूला. मी नावेतनं जाऊन गल्लीचा फोटो काढला. तपकिरी पाणी, त्यात दोन्हीकडच्या इमारतींचं प्रतिबिंब, ढगातनं एक ऊन आलेलं. वाईट वाटेल, पण देखणा होता. एका कडेला विजेचा डीपी आणि त्याला लागून वाकडा खांब, लोंबणाऱ्या तारा. बातमीला मूळ फोटो पाठवला. पण स्टेटसला लावायला फोनवर हीलिंग नावाच्या पुसायच्या हत्यारानं डीपी, खांब, तारा सगळं साफ केलं. मेव्हण्याला तोच पाठवला, त्यानं सगळ्या पाहुण्यांना.

पाणी ओसरलं. विम्याचा सर्व्हेअर आला आणि पहिलाच प्रश्न, “दुकानाजवळ पाणी किती फूट होतं?” भिंतीवरची चिखलाची रेघ तोवर पोरांनी घासून धुतलेली. मेव्हण्यानं अभिमानानं माझा फोटो काढून दाखवला. सर्व्हेअर बघतच राहिला. त्यात पाणी होतं, पण मोजायला काहीच नव्हतं. तो डीपी असता तर त्याच्या दाराच्या कडीवरून सरळ फूट काढता आले असते, डीपी तर अजून तिथंच उभा होता. माझ्याकडची मूळ फाइल? पुराच्या गडबडीत कार्ड रिकामं करत होतो, त्यात उडवलेली, आणि पेपरकडं उरली ती छापताना नेमकी बाजूनं कापलेली. शेवटी समोरच्या इमारतीतल्या एका पोरानं गच्चीवरनं काढलेला हलता व्हिडिओ मिळाला. इतका खराब की बघून चक्कर येईल. पण त्यात डीपी होता.

मेव्हणा अजून कुठलाही फोटो काढताना मला म्हणतो, “डीपी येऊ दे हां.”

उगाच_प्रश्न

हसलो, पण पटलं. तरी माझा मुद्दा शिल्लक आहे. तुम्ही म्हणता कडेनं कापलं तर चालतं. तुमच्या पेपरनं बाजूनं कापलं तेव्हाही डीपी गेलाच की! मग नियम काय कामाचा?

२०१० चं वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेचं प्रकरण आठवा. स्तेपान रुदिकनं कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामारीची मालिका पाठवली, बक्षीस मिळालं, आणि मग काढून घेतलं. का? एका फोटोत पट्टी बांधलेल्या हातामागं कुणाच्या तरी पायाचा तुकडा दिसत होता, तो त्यानं पुसला. पण गंमत अशी की मूळ फोटो रंगीत आणि खूप मोठा होता. त्यातला बहुतेक भाग कापून, काळा-पांढरा करून, कडा काळवंडून त्यानं फक्त तो हात ठेवला होता. एवढी कत्तल चालली, आणि बोटभर पाय चालला नाही. मला हे अजून हास्यास्पद वाटतं.

खबऱ्या

हास्यास्पद वाटतं खरं. पण कापलेल्या फोटोत उरलेलं सगळं त्या जागी होतं. बाहेर काय होतं ते माहीत नाही, एवढं बघणाऱ्याला ठाऊक असतं. चौकटीबाहेर जग आहे हे पोरासोरालाही कळतं. आतनं काही काढलं की मात्र तू ‘इथं काही नव्हतं’ असं ठासून सांगतोस. पंचगंगेकाठींनी गिऱ्हाईक गाळलं असतं तर ठीक होतं. त्यांनी बोळ बुजवला.

उगाच_प्रश्न

हं. ‘बोळ बुजवला’ हे आवडलं. पण मग केंट स्टेटचा खांब? ४ मे १९७० चा जॉन फिलोचा फोटो. अमेरिकेत विद्यापीठाच्या आवारात सैनिकांनी गोळ्या घातल्या, पडलेल्या विद्यार्थ्याशेजारी गुडघ्यावर बसून किंचाळणारी मुलगी. मूळ फोटोत कुंपणाचा खांब नेमका तिच्या डोक्यातनं उगवल्यासारखा दिसतो. पुढं खांब नसलेली आवृत्ती फिरत राहिली, १९९५ मध्ये ‘लाइफ’नंही तीच छापली. आता सांगा, खांब गेल्यानं काय खोटं झालं? गोळ्या झाल्या, पोरगा मेला, पोरगी किंचाळली. सगळं तसंच आहे.

खबऱ्या

याला माझ्याकडं चोख उत्तर नाही. मी काढला नसता. पण तुझं चूक आहे असंही छातीठोक म्हणवत नाही.

वाड्यातली

मला तो खांब असलेलाच बरा वाटतो, कारण तो इतका बेढब आहे. फिलो तेव्हा स्वतः विद्यार्थी होता, समोर गोळीबार झालेला. त्याला दोन पावलं सरकायला वेळ नव्हता, हे त्या खांबामुळं कळतं. खांब काढला की फोटो कुणीतरी जुळवून उभा केल्यासारखा नीट होतो.

मंडपवाला

मी लग्नाचे फोटो काढतो. तुम्ही सगळे ज्याच्यावर वाद घालताय ते मी दिवसाला दोनशे वेळा करतो. पंखा, एक्झिट बोर्ड, पाण्याचे जार, वाढपी पोरं, पाठमोरे मामा. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. नवरीच्या डोक्यात पंखा ठेवून अल्बम दिला तर बाकीचे पैसे कोण देणार? पण एक सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वीची हळद. घरातच होती. नवरीला घेरून बायका, सगळ्यांचे हात पिवळे, मस्त हसतायत. फ्रेमच्या अगदी कडेला स्वयंपाकघराचं दार, आणि दाराच्या आड एक अर्धा चेहरा. एक डोळा, अर्धं कपाळ, पदराचा काठ. कडेला अर्धा चेहरा ही चूकच, आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात. पुसला. दार बंद असल्यासारखं करून टाकलं, सफाईदार झालं होतं. अल्बम गेला, पैसे आले.

वर्षभरानं त्या मुलीचा फोन. “दादा, हळदीच्या फोटोत दाराआड आमची आत्या होती का हो?” मी म्हटलं असेल, बघतो. तर म्हणाली, आत्या वारली, आणि अख्ख्या अल्बममध्ये ती कुठंच नाही. तिला लहानपणी आत्यानंच सांभाळलेलं. पण आत्या विधवा, हळदीला पुढं यायचं नाही म्हणून ती दारातच थांबलेली. हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आमच्या जिल्ह्याचं नाव सगळीकडं झालं, ही त्याच्या आधीची गोष्ट.

माझ्याकडं हार्ड डिस्कवर मूळ फाइल होती, नशीब. काढली. मी म्हटलं, ताई, आत्याचा चेहरा मोठा करून, मागचं दार घालवून वेगळा फोटो करून देऊ का? अर्धा चेहरा आहे, उरलेला अर्धा हल्ली बनवूनही मिळतो. म्हणाली, “नको. जसा आहे तसाच द्या. दारासकट.”

तेव्हापासून पुसतो अजूनही, पण माणूस असेल तर आधी घरच्यांना विचारतो, हे कोण म्हणून. वेळ जातो. वाढप्यांचं मात्र विचारत नाही, खोटं कशाला बोलू.

ओपेक

दारासकट म्हणाली. शहाणी पोरगी.

पिक्सेलपाटील

मंडपवाल्यांनी सांगितलं म्हणून सगळ्यांना एक कामाची गोष्ट. पुसल्यावर ‘सेव्ह’ करताना बघा, प्रत वेगळी होतेय का मूळावरच बसतेय. काही फोनमध्ये ‘मूळ परत आणा’ मिळतं, पण व्हॉट्सॲपवरनं गेलेल्या फोटोत मागचं काही राहत नाही. आणि जागा कमी म्हणून मूळ फोटो उडवू नका. जागा करायची असेल तर ‘शुभ सकाळ’ उडवा, निम्मा फोन रिकामा होईल.

मुक्काम_पुणे

हापिसातल्या फोटोखाली आता ‘फ्लेक्स काढलेले आहेत’ अशी चिठ्ठी चिकटवावी म्हणतो.

शिवाजीपेठी

चिठ्ठी कशाला, चिठ्ठीचा फ्लेक्सच लाव.

पंचगंगेकाठी

सगळ्यांचं वाचून काल मूळ फोटोची प्रिंट काढली. काही न पुसता. हेल्मेटवाला, पिंप, फ्लेक्स, बसचं बूड, बोळ, सगळं. खरं सांगायचं तर फोटो म्हणून आधीचाच बरा दिसतो, डोळा ठरत नाही यात. पण एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. हेल्मेटवाल्याच्या दुसऱ्या हातात रिकामा ग्लास आहे, तळाला फेस. तो मोबाईलमध्ये घुसून वाट बघत नव्हता, पिऊन झालं होतं त्याचं. दुसरा ग्लास मागत असणार. आणि मामा धार काढतायत ती त्या दुसऱ्या ग्लासासाठी.

आज सकाळी नेऊन दिली. मामांनी परत तसंच, आधी लांब धरून, मग जवळ. मग बोट ठेवलं हेल्मेटवाल्यावर.

“ह्यो बघ! ह्यो गेला महिनाभर आलेला न्हाई. सात ग्लासाचं ऱ्हायलंय ह्याच्याकडं.”

आणि आतल्या पोराला हाक मारून प्रिंट दाखवली, “नीट बघून ठेव रं ह्येला.”

खबऱ्या

बघ. आला का डीपी कामाला.

शिवाजीपेठी

आता खरं सांग, तो हेल्मेटवाला तूच नव्हंस न्हवं?